स्वागताध्यक्षांचे भाषण : हवामान परिषद, आष्टी

परिषदेचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, परगावचे अभ्यासक आणि गावकरी बंधू-भगिनींनो,

आष्टीत आपलं मनःपूर्वक स्वागत! पत्रिकेवर 'ता. परतूर, जि. जालना' असं ठळक छापूनही काही पाहुणे बीडच्या आष्टीला जाऊन आले असं कळलं. त्यांना चहा दोनदा द्यावा, अशी सूचना भोजन समितीला केली आहे.

आष्ट्या पुष्कळ आहेत. वर्ध्याच्या आष्टीला 1942 च्या हुतात्म्यांचा मान, मोहोळजवळच्या आष्टीला 1818 मधल्या बापू गोखल्यांच्या रणाचा. आमच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातली ओळ नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कार्यवाहांनी घड्याळ दाखवू नये. आम्ही निजामाच्या राज्यातले, स्वतंत्र झालो 17 सप्टेंबर 1948 ला. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, तोवर आम्ही परभणीकर. समर्थांचं जांब शेजारच्या घनसावंगी तालुक्यात.

पण या भागाची खरी संस्था म्हणाल तर 1972 चं दुष्काळी काम. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, दुपारी सुकडी, आणि टेप लावून खड्डा मोजणारा मुकादम! कोनशिलेवर नाव पुढाऱ्याचं. माती वाहिली ती आमच्या आयाबायांनी. महाराष्ट्राचा 1977 चा रोजगार हमी कायदा त्या घामावर उभा राहिला, आणि 2005 मध्ये देशानं त्याच वाटेवर पाऊल टाकलं. आजच्या पाहुण्यांनी एखादा पाझर तलाव पाहूनच जावं. गाडीची सोय केली आहे.

आता विषयाकडे येतो. त्याच 1972 साली स्टॉकहोमला पर्यावरणावर जागतिक परिषद भरली आणि इंदिराजींनी तिथं गरिबीचा प्रश्न मांडला. पुढं 1992 ला रिओ, 1997 ला क्योटो, 2015 ला पॅरिस. 2022 ला शर्म अल-शेखला हानीभरपाईच्या निधीचं ठरलं. 2024 ला बाकूत श्रीमंत देशांच्या पुढाकारानं 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करण्याचं. भारतासह अनेक देशांनी ही रक्कम अपुरी म्हटली. वाटाघाटींतले बारकावे तज्ज्ञ सांगतीलच. मी एवढंच म्हणेन की, मुकादम ज्याचा खड्डा जेवढा, तेवढं माप त्याच्या नावावर मांडायचा. जगानंही दीडशे-दोनशे वर्षांचा धूर तसाच मोजावा. मोसंबीची बाग वाळलेल्या शेतकऱ्याच्या नावावर ते माप चढवू नये. हे आजच्या ठरावात यावं, ही विनंती.

सोयींत उणिवा आहेत. निवास शाळेच्या वर्गांत आहे, बाकं जोडून पलंग केले आहेत. वीज केव्हाही जाते. जनरेटर ठेवला आहे, तो धूर सोडतो, याबद्दल हवामान परिषदेची विशेष क्षमा मागतो. पाणी टँकरचं आहे, प्यायचे जार वेगळे. नेटवर्क गच्चीवर मिळतं.

मंडप फुकट देणारे व्यावसायिक, ज्वारीचं पोतं देणारे आडते, भाकरीसाठी पहाटेपासून चुलीपुढं बसलेल्या बचत गटाच्या ताई, ग्रामपंचायत, शाळेचे शिक्षक, झाडलोट करणारे कामगार, सतरंज्या देणारं भजनी मंडळ आणि नाव न सांगण्याच्या अटीवर तेलाचे डबे देणारे सद्गृहस्थ, सर्वांचे आभार. कुणाचं राहिलं असेल तर जेवणाच्या पंगतीत मला गाठावं. माईकवरून पुन्हा सांगेन.

वांग्याची भाजी तयार आहे, पण उद्घाटन आधी. अध्यक्ष महोदयांनी दीपप्रज्वलन करावं, ही विनंती करून मी थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!