पाहुणा आणि बघ्या

मराठीत 'बघे' हा शब्द फारसा कौतुकाने वापरला जात नाही. अपघात झाला की बघे जमतात, आग लागली की बघ्यांना पांगवण्यातच पोलिसांचा निम्मा वेळ जातो. पण आज मला बघ्यांविषयी थोडं आणि पाहुण्यांविषयी जास्त बोलायचं आहे. एखाद्या शहरावर मोठं संकट येऊन गेलेलं असतं आणि आपली त्या शहराची तिकिटं दोन महिने आधीच काढलेली असतात. मुलांना समुद्र दाखवायचं कबूल केलेलं असतं. अशा वेळी जावं की जाऊ नये?

हा प्रश्न २००५ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे फोनवरून आला. आम्ही अंधेरीला, मरोळच्या बाजूला राहतो. नागपूरहून माझा चुलतभाऊ, वहिनी आणि दोन मुलं पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून मुंबई बघायला येणार होती. पंधरा ऑगस्ट त्या वर्षी सोमवारी होता. दादाने फोनवर विचारलं, "अरे, टीव्हीवर जे दाखवताहेत ते बघून यायला धजत नाही. तुमची अडचण तर होणार नाही ना?" तो विचारत होता ते अगदी योग्य होतं. आमची अडचण होणारच होती. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचं अर्धं सामान आमच्या घरात होतं.

श्रोत्यांपैकी तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. २६ जुलैच्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदला गेलेला पाऊस पाऊणशे मिलिमीटरच्या आतच होता. शहर एकच, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. मिठी नदी फुगली. कुर्ला, कलिना, साकीनाका, मरोळ पाण्याखाली गेलं. साकीनाक्याला टेकडीचा कडा झोपड्यांवर कोसळला आणि कुटुंबंच्या कुटुंबं गाडली गेली. मुंबईत चारशेहून जास्त माणसं दगावली. माणसं ऑफिसातून निघून रात्रभर छातीभर पाण्यातून चालत बोरिवली-मुलुंडला पोचली. विमानतळ बंद पडला. पाणी उतरलं तेव्हा तबेल्यांतली मेलेली जनावरं रस्त्यावर पडलेली होती, आणि मग लेप्टोची साथ आली. त्याआधी लेप्टो हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही.

आता बघा, पर्यटक मुंबईत येऊन काय पाहतो? गेटवे, म्युझियम, राणीचा हार, म्हातारीचा बूट, फार तर हाजी अली. यातलं काहीही त्या आकड्यांच्या तडाख्यात सापडलेलं नव्हतं. ९४४ मिलिमीटरची मुंबई पर्यटकांच्या नकाशावर कधी नव्हतीच. त्या ऑगस्टमध्ये एखादा माणूस व्हीटीला उतरून, कुलाब्यात राहून, चार दिवस फिरून परत गेला असता तर त्याला इथे काही घडून गेलं याचा पत्ताही लागला नसता. आमचा दादा मात्र उतरणार होता मरोळला.

मी म्हटलं, या. येताना पाणी उकळायला एक मोठं पातेलं घेऊन या, आमचं शेजाऱ्यांकडे दिलंय.

पहिल्या दिवशी आम्ही मुलांना गेटवे दाखवलं. ऊन पडलं होतं. कबुतरं, फोटोवाले, लाँचवाल्यांच्या आरोळ्या, सगळं जागच्या जागी. धाकट्याने विचारलं, "काका, पूर कुठे आला होता?" मी म्हटलं, घरी जाताना दाखवतो. संध्याकाळी अंधेरी स्टेशनवरून रिक्षाने परतताना कंपाउंडच्या भिंतींवर वाळत टाकलेल्या गाद्या, वह्या, लग्नाचे अल्बम दिसू लागले. फुगून उसवलेलं फर्निचर फुटपाथवर. बंद पडलेल्या गाड्यांची रांग. मुलं गप्प झाली. दादाने कॅमेरा बाहेर काढला आणि परत पिशवीत ठेवला. मी काही बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, मला समुद्रबिमुद्र पुरे, साडी घ्यायची आहे. त्या दिवसांत उपनगरांतल्या बाजारांत भिजलेल्या मालाचे ढीग रस्त्यावर मांडलेले असायचे. आम्ही साकीनाक्याच्या बाजूला एका दुकानात गेलो. भिंतीवर माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवर वहिनीने नेहमीच्या पद्धतीने निम्म्यापासून सुरुवात केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचं दुकान बुडालं त्याच्याशी घासाघीस करायची? मी तिला खुणावत होतो, ती लक्ष देत नव्हती. दुकानदार मात्र हळूहळू रंगात आला. पदर उलटून दाखवू लागला, रंगाची हमी देऊ लागला, तिच्यावर थोडा चिडलासुद्धा. शेवटी सौदा जमला. पिशवी बांधता बांधता तो म्हणाला, "ताई, इतक्या दिवसांत भाव करणारं गिऱ्हाईक पहिलंच. बाकी सगळे येतात, चुकचुकतात आणि जातात."

त्या एका वाक्यावर मी पुढे बराच विचार केला आहे. चुकचुकणाऱ्यांच्या मनात कणव होती, यात शंका नाही. पण कणव घेऊन समोर उभ्या राहणाऱ्याशी दुकानदाराने काय बोलायचं? तो पूरग्रस्त होऊन उभा राहतो. भाव करणाऱ्यापुढे तो पुन्हा दुकानदार होतो. शहर सावरतं म्हणजे अशीच एकेका माणसाला आपली जुनी जागा परत मिळत जाते. सरकारी मदतीने हे होत नाही असं नव्हे; पण गिऱ्हाइकाने ते लवकर होतं.

तीन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ नंतर, उलटा प्रकार झाला. या वेळी घाव पर्यटकांच्याच मुंबईवर होता: ताज, ट्रायडंट, लिओपोल्ड, सीएसटी. आणि आम्ही उपनगरांतली माणसं लोकलने भरभरून ताज बघायला गेलो. मेणबत्त्या घेऊन गेले ते वेगळे. ३ डिसेंबरला गेटवेजवळ हजारो लोक जमले होते, त्यात राग होता, दुःख होतं. पण त्याच्या पुढेमागे काळवंडलेल्या घुमटाकडे पाठ करून फोटो काढून घेणारेही काही थोडे नव्हते. त्या रात्री विलेपार्ल्यातही टॅक्सीत स्फोट झाला होता. ती जागा बघून आलो असं सांगणारा मला आजवर कुणी भेटलेला नाही. दुःखालाही पत्ता चांगला लागतो, दुसरं काय!

लिओपोल्ड आठवडा उलटायच्या आत उघडलं. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी तशाच ठेवल्या, आणि लोक त्या बघायला येतात. काहींना हे खटकतं. मला खटकत नाही. तिथे माणूस टेबलाशी बसतो, काहीतरी मागवतो, वेटरशी बोलतो, मग मान वळवून भिंतीकडे बघतो. ताजचा मनोरा आणि ट्रायडंट २१ डिसेंबरलाच सुरू झाले. ताजच्या जुन्या इमारतीला मात्र १५ ऑगस्ट २०१० पर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात हंगाम पडला तो टॅक्सीवाल्यांचा, गाइडांचा, फोटोवाल्यांचा. त्यांच्यासाठी कुणी मेणबत्ती लावली नाही.

पाहुण्यांना एक विनंती मात्र करावीशी वाटते. 'मुंबईचं स्पिरिट' हे शब्द जरा जपून वापरावेत. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, त्यांतले जोगेश्वरी आणि बोरिवलीचे तर आमच्या रोजच्या स्टेशनांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून धावल्या. धावल्या, कारण खाडा केला तर पगार कापला जातो. डब्यात त्या दिवशी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाहेरून आलेल्या माणसाने त्याला धैर्य म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, पण मग ज्याला धीर सुटला आहे त्याला ते सांगायची चोरी होते.

आता आपण मुंबईकर स्वतः पाहुणे होतो तेव्हा काय करतो ते पाहू. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. २००५ च्या त्याच जुलैमध्येही चिपळूण असंच बुडालं होतं. दीड महिन्यावर गणपती. बोरिवली-मुलुंडहून निघालेली कोकणची माणसं चिपळुणात चहाला, जेवणाला थांबतात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्या वर्षी कित्येकांनी डबे बरोबर घेतले आणि गाडी न थांबवता पुढे नेली. हेतू चांगला होता, गावाला त्रास नको. पण ज्या खानावळवाल्याने भट्टी धुऊनपुसून, उधारीवर किराणा भरून पुन्हा पेटवली होती, त्याला रिकाम्या बाकांचा त्रास जास्त झाला असणार. पहिल्या पंधरवड्यात जाऊ नये, हे खरं. तेव्हा खोल्या, पाणी, रस्ते मदतीला आलेल्यांना लागतात. पण त्यानंतर आधी एक फोन करावा, काय सुरू आहे ते विचारावं आणि जावं. गेल्यावर शक्यतो रोख पैसे द्यावेत. कुणाच्या घरात डोकावून मोबाइल धरू नये, आणि कुणी आपणहून सांगू लागलं तर घड्याळ बघू नये. सवड असेल तर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन यावं. दीडशे वर्षांहून जुनं ग्रंथालय, दोन्ही पुरांत भिजलेलं. तिथल्या माणसांना पुस्तकांविषयी विचारा, पुराचं ते ओघाने सांगतील.

घाटकोपर-मुलुंडच्या आमच्या कच्छी मित्रांना हे निराळं सांगायला नको. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्यांची गावं गेली. आज त्यांतलेच काही जण आपल्याला भुजला यायचा आग्रह करतात. तिथल्या भुजिया डोंगरावर २०२२ साली उघडलेलं स्मृतिवन दाखवतात आणि मग बाजारात नेऊन बांधणी घ्यायला लावतात.

आणि तुमच्याकडे मुंबई बघायला कुणी येणार असेल तर गेटवे दाखवाच, पण एक दिवस उपनगरांना द्या. बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांत जा. शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीशेजारी कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. तिथल्या शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. डोंगरावर पडलेला पाऊस पन्हळींतून टाक्यांत नेण्याची व्यवस्था दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनी करून ठेवली. मग पवईवरून परतताना मिठीचा पूल लागेल, तिथे रिक्षा थांबवा. विमानतळाच्या धावपट्टीखालून जाणारी ही नदी, काटकोनात वळवलेली, असं सांगा. आमच्या दादाने विचारलं होतं तसं तुमचा पाहुणाही विचारेल, "ही नदी आहे? मला नाला वाटला."