वेब डिझाइनवर घर चालेल काय?

(विद्यार्थी व पालक मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



वेब डिझाइन हा पोटापाण्याचा मुख्य व्यवसाय म्हणून भरवशाचा आहे काय, या विषयावर बोलावे असे संयोजकांनी मला सांगितले आहे. हा प्रश्न पालकांचा आहे. विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा असतो. ते विचारतात, कोणता कोर्स लावू आणि किती महिन्यांचा लावू? पालकांचा प्रश्न अधिक मूलभूत आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने भरवसा म्हणजे रेल्वे, महापालिका, वीज मंडळ, बँक. पहिल्या तारखेला पगार आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन. त्यांचे हे मत कोणी हसण्यावारी नेऊ नये. ज्या घराच्या पाठीशी जमीन नव्हती, दुकान नव्हते, ओळखीचा भांडवलवाला नव्हता, ते घर महिन्याच्या पगाराने उभे राहिले आणि मुले शाळेत गेली. आरक्षणाने सरकारी नोकरीचे दार उघडले, खासगी क्षेत्रात तसे दार नव्हते. तेव्हा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणालाही मी ती सोडायला सांगणार नाही.

परंतु भरवशाची जागाही हलते, हे आपल्याच भागात आपण पाहिले आहे. कल्याणजवळ मोहने येथील एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, २००९ साली बंद पडली. तिथली नोकरी म्हणजे जन्माची ददात मिटली असे मानले जाई. त्या कामगारांना थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. वागळे इस्टेटमधील किती कारखान्यांच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत, ते ठाणेकरांना सांगायला नको. सरकारी नोकरीतसुद्धा १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत रुजू झालेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना सरसकट राहिली नाही. म्हणून कोणत्याही धंद्याविषयी विचारताना ‘तो कायम टिकेल काय?’ याच्या जोडीला ‘तो बदलला तर माझ्या हाती काय उरेल?’ हेही विचारावे लागते.

वेब डिझाइनचा सख्खा थोरला भाऊ म्हणजे छापखाना. कंपोझिटर हा एकेकाळी मानाचा कारागीर होता. शिशाचे खिळे उलटे वाचत, एकेक जुळवत तो पान उभे करी. १९८५ साली पेजमेकर हा प्रोग्राम आला, पुढे भारतात डीटीपी आले, आणि नव्वदीच्या दशकात ठाणे, कल्याण, डोंबिवली स्टेशनांच्या आसपास डीटीपीची दुकाने निघाली. खिळे जुळवण्याचे कौशल्य पाहता पाहता निकामी झाले. ज्या कंपोझिटरला फक्त हाताचा वेग होता त्याचे काम गेले. ज्याला शुद्धलेखन कळत होते, पानावर मोकळी जागा कुठे सोडावी हे कळत होते, आणि गिऱ्हाइकाला नेमके काय हवे ते न सांगता उमगत होते, त्याला संगणकासमोर बसून पुन्हा उभे राहण्याची संधी होती.

वेबच्या धंद्यात हेच याहून भराभर घडले. जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत सुरू केले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. त्या काळी एचटीएमएलच्या पाच-पन्नास खुणा येत असल्या तरी माणूस तज्ज्ञ ठरे. पुढे फ्लॅश आले. हलती चित्रे, उडती अक्षरे. मुलांनी फी भरून फ्लॅश शिकून घेतले. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा कायमचा बंद केला. २००३ साली वर्डप्रेस आले आणि आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार त्यावर चालतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आता साधे पाच पानांचे संकेतस्थळ यंत्राला सांगितले तर ते काही मिनिटांत कच्चा आराखडा पुढे ठेवते. तेव्हा ‘तीन महिन्यांत वेब डिझायनर, शंभर टक्के नोकरी’ असा फलक दिसला तर शांतपणे पुढे चालू लागावे.

आता आपल्या भागातील बाजाराकडे पाहू. इथली गिऱ्हाइके म्हणजे क्लासवाले, डॉक्टर, बिल्डर, डोंबिवली एमआयडीसीतील आणि वागळे इस्टेटमधील लहान कारखानदार, उल्हासनगरचे व्यापारी. यांना वेबसाइट एकदा करून हवी असते. हिशेबापुरते धरा की एका वेबसाइटचे पंधरा हजार रुपये मिळाले. घर चालवायला महिना चाळीस हजार लागत असतील, तर दरमहा जवळजवळ तीन नवी गिऱ्हाइके हवीत, वर्षाला बत्तीस. पुढच्या वर्षी आणखी बत्तीस. ती कुठून येणार? शिवाय गिऱ्हाइकाचा भाचा बारावीला असतो आणि तो हे काम फुकटात करून देतो म्हणतो. हा भाचा आमच्या धंद्यातील सर्वांत मोठा स्पर्धक आहे!

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडा. आपल्या इमारतीची लिफ्ट बसवणारी कंपनी लिफ्ट एकदाच विकते, पण तिचा माणूस वर्षानुवर्षे तपासणीला येतो. सोसायटी त्याचे एएमसीचे पैसे दरवर्षी भरते. वेबसाइटलाही ते लागते. डोमेनचे नूतनीकरण, सुरक्षेच्या दुरुस्त्या, बॅकअप, बदललेला फोन नंबर, नवी प्रवेशसूचना. वीस गिऱ्हाइकांनी या देखभालीसाठी महिना दोन हजार दिले तर तेच चाळीस हजार होतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात होत नाही. माझ्या मते या धंद्यातील भरवसा सगळा इथे आहे. नवे पान बनवण्याची मजुरी यापुढे उतरत जाईल. ते पान नीट चालू ठेवण्याची जबाबदारी घेणारा माणूस मात्र लागणारच.

ज्यांना संकेतस्थळ अद्ययावत ठेवावेच लागते अशी गिऱ्हाइके आधी शोधावीत. एआयसीटीईच्या मान्यतेची महाविद्यालये, बीएडची महाविद्यालये, सीबीएसईच्या शाळा यांना आपली माहिती संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. घोडबंदर रोड आणि कल्याण-शीळ रस्त्यावरील गृहप्रकल्पांच्या जाहिराती पाहा. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून त्यांवर क्यूआर कोड सक्तीचा केला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. क्लासच्या फॉर्मवर मुलांची नावे नि नंबर गोळा करणाऱ्यालाही आता विचार करावा लागेल, आणि तो कोणाला तरी विचारणार आहे.

याहून महत्त्वाचे एक काम आहे, त्याकडे आपल्या मुलांनी जरूर वळावे. अंध माणूस फोन कसा वापरतो? स्क्रीन रीडर त्याला पानावरचा मजकूर वाचून दाखवतो. बटनाला नाव दिलेले नसेल तर तो नुसताच ‘बटन’ म्हणतो. चित्राचे वर्णन लिहिलेले नसेल तर चित्र त्याच्यापुरते अस्तित्वातच नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित व दृष्टिबाधित व्यक्तींना डिजिटल केवायसीत येणाऱ्या अडचणींच्या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला. युरोपात असाच कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे. पान सर्वांना वापरता येते की नाही हे तपासणे आणि दुरुस्त करणे, हे भाच्याचे काम नव्हे. त्याला अभ्यास लागतो. डब्ल्यूसीएजी नावाचे त्याचे निकष इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

दुसरे आपले बलस्थान म्हणजे मराठी. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र. मराठी वळणाचे ल आणि श, जे हिंदी वळणाहून वेगळे असतात. हे परप्रांतीय डिझायनरच्या लक्षातही येत नाही. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण आतल्या कोडमध्ये केली आणि फाँटमध्ये सोय असली, तर अक्षरे मराठी वळणाची दिसतात. संस्थांची, पतपेढ्यांची, वाचनालयांची जुनी कागदपत्रे युनिकोडपूर्व फाँटमध्ये पडून आहेत. ती दुसरीकडे चिकटवली की अक्षरांचा काला होतो आणि शोधली तर सापडत नाहीत. ती युनिकोडमध्ये आणून नीट मांडणे हे कष्टाचे काम आहे, पण ते करायला मराठी येणारा माणूसच लागतो. देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

नोकरीचे काय? ठाणे-वाशी मार्ग २००४ साली सुरू झाल्यापासून ऐरोली, घणसोलीच्या कंपन्या आपल्याला जवळ आल्या. तिथे ‘वेब डिझायनर’ या नावाने जागा कमीच निघतात. फ्रंट-एंड डेव्हलपर, यूआय-यूएक्स डिझायनर अशी नावे असतात आणि जावास्क्रिप्ट नीट यावे लागते. माझा आग्रह असा की पदवी पूर्ण करावी, दोन-तीन वर्षे नोकरी करावी, गाडीच्या गर्दीचे धक्के खावेत, दुसऱ्याच्या खर्चाने शिस्त शिकावी. संध्याकाळी आणि रविवारी स्वतःची दोन-चार देखभालीची गिऱ्हाइके जमवावीत. त्यांच्या पैशांतून घरखर्चाचा निम्मा भाग निघू लागला आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की मगच राजीनाम्याचा विचार करावा. पहिल्या दिवसापासून फक्त यावर घर चालवीन म्हणणाऱ्याला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, वर सांगितल्या वाटेने आलेल्याला, ‘होय’.

एक गोष्ट मात्र नोकरदारांनाही मान्य करावी लागेल. मार्च २०२० मध्ये सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाली आणि ती पुन्हा सर्वांना खुली व्हायला २०२१ उजाडले. त्या काळात डोंबिवलीच्या एका खोलीत बसून ज्यांना काम करता आले त्यांत हा धंदा होता. लहान मूल असलेल्या, गर्दीच्या गाडीने जाणे न झेपणाऱ्या आपल्या भगिनींसाठी ही लहान बाब नाही. सोयरिकीच्या वेळी ‘मुलगी घरी कॉम्प्युटरवर बसते’ असे सांगण्याऐवजी ‘तिचा व्यवसाय आहे’ असे पालकांनी सांगायला शिकावे.

आता पैशांविषयी, कारण हुशार मुले इथेच गोत्यात येतात. काम तोंडी घेऊ नये. निम्मे पैसे आधी घ्यावेत. डोमेन नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर नोंदवावे. पैसे थकले म्हणून त्याचे नाव अडवून धरणारे लोक या धंद्यात आहेत, त्यांची पत राहत नाही. उद्यम नोंदणी मोफत होते. ती असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे देणेकऱ्याला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. दाद मागण्यासाठी त्या कायद्याखालील सुविधा परिषद आहे. या कलमाचा उल्लेख बिलावर छापला तरी पुष्कळदा फोन उचलला जातो.

आणि पहिल्या वर्षापासून, उत्पन्न कितीही कमी असो, आयकराचे विवरणपत्र भरा. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाकडे बँक गृहकर्जासाठी मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. प्रॉव्हिडंट फंड कोणी कापणार नाही, तो पीपीएफमध्ये स्वतः भरावा लागेल. आरोग्य विम्याचा हप्ताही घरखर्चातच धरावा.

वेळ बराच झाला आहे. उद्यम नोंदणी प्रत्यक्ष करून पाहावयाची असेल त्यांनी चहानंतर याच सभागृहात थांबावे. आधार क्रमांक, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ असावा. ज्यांचा मोबाइल जोडलेला नाही त्यांनी तो आधी जोडून घ्यावा, कारण ओटीपीशिवाय पुढे जाता येत नाही.