डुबकी कुठे मारायची?



सुगीची कामं उरकली की बचत गटात सहलीचा विषय निघतो. पूर्वी सहल म्हणजे देवदर्शन, हे ठरलेलं असायचं. आता मुली मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात. पाण्याखाली माशांच्या घोळक्यात आपल्याच वयाची बाई, आणि मुलगी म्हणते, "आई, तूही कर की!" आजूबाजूच्या गटांतून मला विचारणा झाली, की हे स्कूबा करायचं तर कुठे जावं? आज त्याबद्दलच बोलू या.

आधी स्कूबा म्हणजे काय ते सांगते. पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क, तोंडात नळी. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं पुष्कळजणींना वाटतं. तसं नाही, आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. पहिल्या डुबकीला पोहता आलंच पाहिजे असं नाही, कारण प्रशिक्षक शेवटपर्यंत आपल्याला धरून असतो. म्हणूनच तो माणूस कसा आहे, याला फार महत्त्व आहे.

आता जागा. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, तिथे पाणी नितळ आणि प्रवाळ भरपूर. पण विमानाचा खर्च मोठा, आणि डुबकीनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही, म्हणजे एक दिवस जास्तीचा. लक्षद्वीपला जायला परवाना काढावा लागतो. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे, पण तिथवर खुल्या समुद्रातून बोटीने जावं लागतं. ज्यांना बोट लागते त्यांनी विचार करावा. आणि आपल्या जवळचं म्हणजे मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यातच मासे आणि प्रवाळ दिसतात. 1987 साली इथल्या समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अंदमानाइतकं पाणी नितळ नसतं, खाडीचा गाळ येतो. तरी पहिल्या वेळेला मी मालवणच सांगेन. पावसाळ्यात हे बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ, आणि वेळ सकाळची घ्या. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा वाढतात.

पण गाव ठरलं म्हणजे सगळं ठरलं असं नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा किनाऱ्यावर एकाने सगळ्यात कमी पैसे सांगितले, आम्ही लगेच हो म्हटलं. फॉर्म नाही, विचारपूस नाही. माझ्या जावेला दमा आहे. तिला कुणी विचारलं नाही, आणि पैसे भरलेत, बायका हसतील, म्हणून तीही बोलली नाही. पाण्यात गेल्यावर तिची छाती भरून आली. खोली कमी होती, लगेच वर आणली, म्हणून निभावलं. बोटीची कड धरून ती किती वेळ तशीच होती. मला अजून तो तिचा चेहरा आठवतो.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, दुसरीकडे. तिथल्या प्रशिक्षकाने प्रत्येकीकडून फॉर्म भरून घेतला, वाचता येत नव्हतं तिला वाचून दाखवला. जावेचा फॉर्म पाहून म्हणाला, "ताई, डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय मी तुम्हाला उतरवणार नाही. तुमचे पैसे परत घ्या." ती रुसली. पण मला तेव्हा कळलं की आम्ही योग्य जागी आलोय.

म्हणून पैसे देण्याआधी पाच गोष्टी विचारा. तुमच्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का? पाण्यात एका बाईसोबत एक प्रशिक्षक असेल का? आधी उथळ पाण्यात सराव घेणार का? बोटीत सगळ्यांना लाईफ जॅकेट आणि आजारी माणसासाठी ऑक्सिजन आहे का? ऐनवेळी भीती वाटली तर पैशांचं काय? या प्रश्नांनी जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

आपल्या बाजूनेही खरं सांगायचं. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. गरोदर बाईने उतरायचंच नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी राहू द्या, कान दुखतात. पाळी असली आणि बरं वाटत असलं तर मात्र अडचण नाही. मंगळसूत्र, बांगड्या, नाकातली चमकी काढून ठेवा. केस घट्ट बांधा, मास्कखाली एक बट आली तरी पाणी आत येतं.

पाण्यात गेल्यावर खाली जाताना कान दडपतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची, म्हणजे कान मोकळे होतात. दुखत राहिलं तर तसंच खाली जायचं नाही. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही. आणि खुणा शिकून घ्या. मी छान वाटलं म्हणून अंगठा दाखवला, तर त्याने मला वरच आणलं! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "वर चला". ठीक आहे असं सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. आणि प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभ्या राहू नका. तो दगड दिसतो, पण जिवंत आहे.

जावेचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत गेलो. तिथे बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत तिवरांच्या जंगलातून फिरवतात. जाऊ पुढच्या होडीत बसली आणि सगळा वेळ त्यांना हिशोब विचारत राहिली, कमाई कशी वाटता, होडीला कर्ज कुठून घेतलं. परतताना बसमध्ये मला म्हणाली, "त्या पोराने नाही म्हटलं म्हणून राग आला होता. पण मला दम्याचं विचारलं तरी त्याने."

तर मैत्रिणींनो, सहलीची बैठक घ्याल तेव्हा पैशांच्या यादीआधी तब्येतीची यादी करा. प्रत्येकीशी एकेकटीने बोला, चारचौघींत कुणी सांगत नाही. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.