जुनी ओपन गाडी घेताय? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले की, "तुझ्या त्या छत उघडणाऱ्या गाडीबद्दल एकदा नीट बोल ना." तर आज तेच करू.

गाडी आहे माझदा एमएक्स-५. १९९९ चं मॉडेल, १.८ लिटर पेट्रोल इंजिन, दोनच सीट, वर कापडी छत. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि तीन वर्षांपूर्वी ही गाडी २,८०० पाउंडांना घेतली. फोटो बघून घरच्यांना वाटलं पोराला लॉटरी लागली! अहो, इथे नवी साधी हॅचबॅक घ्यायची तरी याच्या निदान पाचपट पैसे लागतात. म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणं फारसं अवघड नाही. समोर उभी असलेली गाडी आतून धडधाकट आहे का, हे ओळखणं अवघड आहे.

आधी थोडक्यात गाडीची ओळख. एमएक्स-५ पहिल्यांदा दिसली १९८९ च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या ऑटो शोमध्ये. १९६० च्या दशकात एमजी, ट्रायम्फ, लोटस या ब्रिटिश कंपन्या हलक्या, छोट्या, उघड्या गाड्या बनवायच्या. चालवायला भारी, पण बिघडायच्या फार. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं की तशीच गाडी तुम्ही बनवा. पुढे ती बनली आणि चालली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक खपाचा गिनेस विक्रम तिच्याच नावावर आहे.

या गाडीमागचा जपानी शब्द आहे 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे म्हणतात ना, मांड पक्की बसली, तसंच काहीसं. वजन जेमतेम एक टन, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. माझ्या गाडीची ताकद साधारण १४० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या हिशेबात काही विशेष नाही. पण ताशी साठ किलोमीटरला वळण घेतानाही मजा येते, त्यासाठी दीडशेने जावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. गाडी बघायला गेलं की आपण काय करतो? बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करतो, आवाज ऐकतो. या गाडीचं इंजिन तसं चिवट आहे. वेळेवर ऑइल बदललं, ६०,००० मैलांना टायमिंग बेल्ट बदलला, तर सहसा त्रास देत नाही. गाडी मरते ती पत्र्याने.

कारण समजून घ्या. बुटांचा खोका घ्या, झाकण लावा आणि पिळून बघा. पिळला जात नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. लगेच वाकडा होतो. साध्या गाडीचं छत म्हणजे ते झाकण. ओपन गाडीला ते नाहीच. मग ताकद कुठून येते? बरीचशी दारांखालच्या पोकळ पेट्यांतून. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या या पेट्यांना इथे 'सिल' म्हणतात. ते कुजले तर गाडीचा कणाच कुजला. अपघातात तुम्हाला वाचवणाराही तोच पत्रा असतो.

आणि गंमत बघा, पाणी नेमकं तिथेच जातं. छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकाजवळ बाहेर पडतं. त्या भोकांत पानं, माती अडकली की पाणी तुंबतं. एकतर सीटमागचं कार्पेट भिजतं, नाहीतर सिल आतून गंजतो. त्यात इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या हवेत पत्र्याचं काय होतं हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग बघायचं कसं? पहिलं काम घरबसल्या, फोनवर, फुकट. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची असते. सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की जुने निकाल दिसतात: पास की नापास, मैल किती, कुठे गंज दिसला. आमच्या कामात बग आला की आधी लॉग वाचतात. हा गाडीचा लॉग आहे, तो वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

मी शेवटी दोन गाड्यांवर आलो होतो. पहिली लाल, चकाचक, फक्त ४८,००० मैल, एका डीलरकडे, किंमत ३,९०० पाउंड. लॉगमध्ये दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं: दोन्ही सिलना गंज. पुढच्या वर्षी त्याचा उल्लेखच नाही. वेल्डिंगचं बिल मागितलं तर मिळालं नाही. खाली वाकून बघितलं तर सगळीकडे ताजा काळा थर फासलेला. खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक होतं. मागच्या चाकाच्या जरा पुढे लावलं तर चिकटेना. म्हणजे आत पत्रा नाही, पुटी भरलेली. मी थँक यू म्हणून निघालो.

दुसरी हिरवी, १,१२,००० मैल, सीट फाटलेली, दारावर ओरखडे. पण मालकाकडे फाइल होती. दोन्ही सिल कापून नवीन पत्रा वेल्ड केल्याचे फोटो, बिल, तारखा. सीटमागच्या भोकांत बाटलीभर पाणी ओतलं, दोन्हीकडून धो धो खाली आलं. तीच घेतली.

या पिढीच्या गाडीत आणखी एक जागा बघा: पुढच्या चॅसिस रेल. इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या या पेट्या आतून गंजतात आणि वरून छान दिसतात. टॉर्च घेऊन खाली झोपा, कपडे खराब होऊ द्या.

घेतल्यावर काय? वर्षातून दोनदा पाणी जायची भोकं मऊ नळीने साफ करायची, अणकुचीदार तार घालायची नाही. छत ओलं असताना दुमडून ठेवायचं नाही, बुरशी धरते. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही, मागचे ब्रेक कॅलिपर जाम होतात. मी वर्षाला साधारण ८०० पाउंड दुरुस्तीसाठी बाजूला काढतो. तेवढे निघत नसतील तर गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी अजून एक बघा: २००६ च्या आधीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना तिथे यूलेझचे रोजचे १२.५० पाउंड पडतात.

"भारतात परतताना घेऊन येणार का?" हाही प्रश्न होता. नाही आणता येणार. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आपल्याकडे आयात करता येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे एक दिवस मला ती विकावी लागणार, हे घेतानाच माहीत होतं. म्हणून प्रत्येक बिल, प्रत्येक फोटो मी त्याच फाइलमध्ये लावतो. पुढच्या माणसाला मी तोंडाने "गाडी मस्त आहे" असं सांगून काही उपयोग नाही, त्याला कागद दिसला पाहिजे.

तुम्ही पुण्यात जुनी सेडान बघत असा नाहीतर बर्मिंगहॅममध्ये रोडस्टर, खिशात चुंबक आणि टॉर्च ठेवाच. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेतो. चला, काळजी घ्या, सीट बेल्ट लावा!