जुन्या घराची वाढ : आधी परीक्षा, मग आराखडा



बेळगाव-निपाणी परिसरात जुन्या घरांचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर तेथे लष्करी छावणी वसली आणि उंच छताचे, रुंद व्हरांड्याचे कौलारू बंगले उभे राहिले. दुसरा प्रकार सोपा, माजघर, स्वयंपाकघर व परडे अशा ओळीने बांधलेल्या घरांचा होय. भिंती जाड खऱ्या. परंतु त्यांचे जोडकाम बहुधा मातीचे किंवा चुन्याचे असते.

कुटुंब वाढते, मुलांना अभ्यासाची खोली लागते, वृद्धांना रात्री परड्यातील शौचालयापर्यंत जाणे अवघड होते. अशा वेळी घर पाडण्यापेक्षा ते वाढविणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. मात्र भिंत दोन फूट जाड आहे, म्हणून ती वरचा मजला सहज पेलेल, हा समज घातक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड धाबी यांखाली सापडून. अशा भिंतीला आतला व बाहेरचा असे दोन थर असतात. त्यांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्याने ते विलग होतात. मातीचे जोडकाम पाण्यानेही कमकुवत होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात मातीची अनेक घरे ढासळली.

म्हणून प्रथम ओळंबा लावून भिंत फुगली आहे काय, हे पाहावे. तुळयांची भिंतीत गेलेली टोके टोचून वाळवी व कूज तपासावी. नव्या खोल्या वर न चढविता मोकळ्या बाजूस काढाव्यात. त्यांना स्वतंत्र पाया द्यावा. जुने व नवे बांधकाम सारखे खचत नाही. यास्तव दोहोंमध्ये सुमारे १ इंच फट ठेवून ती पत्र्याने झाकावी. जुन्या भिंतीलगतचा चर एकदम न खणता टप्प्याटप्प्याने खणावा.

न्हाणीघर व शौचालय नव्या भागातच घ्यावे, म्हणजे जुन्या भिंतीत पाणी मुरणार नाही. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते. चुन्याचा गिलावा ती बाहेर पडू देतो. व्हरांडा बंद करून खोली केल्यास माजघराचा उजेड व वारा अडतो. तो शक्यतो मोकळा ठेवावा आणि अंधाऱ्या खोलीवर काचेची कौले बसवावीत.

काम सुरू करण्यापूर्वी छावणीच्या हद्दीत छावणी मंडळाची, शहरात महानगरपालिकेची अथवा नगरपालिकेची आणि खेड्यात ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. गवंडी व सुतार यांचा अनुभव मोलाचा आहेच; तथापि जेथे भार वाढणार आहे, तेथे अभियंत्याचा सल्ला घेतलाच पाहिजे. त्याला लागणारा खर्च अल्प असतो. चुकीच्या भिंतीवर चढविलेल्या मजल्याची किंमत मात्र घरातील माणसांना मोजावी लागते. शेवटी, दरवर्षी मृगापूर्वी घर शाकारून घ्यावे व पन्हळी मोकळ्या कराव्यात. भिंती कोरड्या राहिल्या, तर घराचे आयुष्य वाढते.