जुना पिंजरा आणि श्रावकाचा विवेक



तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांत पहिले स्थान बंधाचे आहे. जीवाला इच्छित स्थळी जाण्यापासून अडविणे म्हणजे बंध. म्हणून श्रावकाच्या घरी जुना पिंजरा येतो तेव्हा तो स्वच्छ कसा करावा, या प्रश्नाआधी तो कोणासाठी, हा प्रश्न उभा राहतो.

पोपट, मैना, मुनिया हे आपल्या शेतारानांतील पक्षी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील २०२२ ची दुरुस्ती यांनुसार त्यांना पकडणे, विकणे वा घरी कोंडणे गुन्हा ठरतो. तलावांच्या या भंडारा जिल्ह्यात मुलांना पक्षी दाखवायचे ते तलावाच्या काठी, पिंजऱ्यात नव्हेत. असा पक्षी घरात असेल तर तो वनविभागाच्या स्वाधीन करावा. वर्षानुवर्षे कोंडलेला पोपट एकाएकी सोडून दिल्यास तो जगेलच असे नाही. पर्वाच्या दिवशी पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथाही तपासून पाहावी. भावना दयेची असली, तरी मोजलेल्या पैशाने पारध्याचे जाळे पुन्हा पसरते.

बाजारात ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, त्या बजरीगर पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. ते मूळचे ऑस्ट्रेलियातील. येथे मिळणारे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. त्यांना मोकळे सोडणे म्हणजे उपाशी मरण्यास वा शिकऱ्याच्या तोंडी देणे होय. नवा पक्षी विकत घेणे टाळावे, हेच उत्तम. परंतु कोणी सांभाळू न शकलेला असा पक्षी दारी आला, तर त्याच्यासाठी पिंजरा हाच आश्रय ठरतो. आणि आश्रय निर्दोष असावा.

जुना पिंजरा घेताना, आधीच्या पक्ष्याचे काय झाले हे प्रथम विचारावे. तो रोगाने गेला असेल आणि रोग कोणता ते ठाऊक नसेल, तर तो पिंजरा घेऊ नये. पोपटवर्गीय पक्ष्यांचा सिटॅकोसिस हा रोग वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो. म्हणून वाळलेली घाण कोरडी खरवडू नये. नाकातोंडाला फडके बांधून, ती भिजवून, उघड्यावर काढावी. रंगाचे पोपडे उडालेला वा गंजलेला पिंजरा नाकारावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि पक्षी चोचीने तारा कुरतडत असतो.

पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याला जस्त नवे नाही, आणि पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कल्हईशिवाय ठेवू नये हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. पिंजऱ्याच्या तारांवरही बहुधा जस्ताचा मुलामा असतो. त्याचे सुटे कण पोटात गेल्यास तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या जिवाला विषबाधा होते. येथे आंबटाचा तोच गुण उपयोगी पडतो : व्हिनेगर लावून ताठ ब्रशाने तारा घासल्या की सुटे जस्त निघून जाते. त्याने धोका कमी होतो, पूर्णपणे नाहीसा होत नाही. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा मिळाल्यास तोच घ्यावा.

नंतर सर्व भाग सुटे करून साबणाच्या गरम पाण्याने धुवावेत. एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी यांचा द्राव दहा मिनिटे लावून ठेवावा, भरपूर पाण्याने खळबळून पिंजरा कडक उन्हात वाळवावा. व्हिनेगर पूर्णपणे धुऊन काढल्याशिवाय ब्लीच लावू नये. दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू निघतो. फिनेल वापरू नये. जुन्या लाकडी दांड्या सच्छिद्र असल्याने टाकून द्याव्यात आणि पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, औषध न फवारलेल्या फांद्या बसवाव्यात. तारांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा असावा, कारण पक्षी आडवा उडतो.

फटींत दडलेले सूक्ष्म कीटक या धुण्यात मरतात. रिकाम्या पिंजऱ्यातही ते कित्येक महिने जगतात. त्यामुळे केवळ वाट पाहून हा प्रश्न सुटत नाही. शास्त्रकारांनी संकल्पी आणि आरंभी हिंसेत भेद केला आहे. गृहस्थाच्या अपरिहार्य कामात घडणारी ही आरंभी हिंसा होय. मात्र ती पुन्हा पुन्हा घडू नये यासाठी रोजची स्वच्छता राखणे, हीच खरी यतना.

पाचवा अतिचार अन्नपाननिरोधाचा. विदर्भाच्या वैशाखात पाण्याची वाटी दिवसातून अनेकदा पाहावी लागते; पिंजरा उन्हात वा स्वयंपाकघरात ठेवून चालत नाही. घरातील सर्व मंडळी तीर्थयात्रेस निघाली असता पक्ष्याची व्यवस्था न करणे, हा त्या यात्रेलाच लागलेला दोष आहे.

१९२९ मध्ये सुरू झालेल्या आणि आता दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारात असलेल्या पक्षी रुग्णालयातही पिंजरे आहेत. जखमी पक्षी तेथे येतात आणि बरे झाल्यावर आकाशात सोडले जातात. पिंजरा तोच, तारा त्याच. भेद आहे तो हेतूचा. आश्रित पक्ष्याचे आयुष्य संपल्यावर रिकामा पिंजरा नव्या खरेदीने न भरता जखमी पक्ष्यांची सेवा करणाऱ्यांच्या हाती द्यावा. बंधाचे साधन तेव्हा जीवदयेचे उपकरण होते.

जय जिनेंद्र!