आंकडे, यंत्र आणि शेजारधर्म

आजच्या भाषणाचा विषय कांहींसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संख्याशास्त्रांतील गणितें संगणकावर करतांना ज्या नित्याच्या अडचणी येतात त्यांचें निवारण कसें करावें, आणि त्या कामीं एकमेकांस साहाय्य कसें करावें, याविषयीं मी चार शब्द सांगणार आहें. परंतु ज्या सरासरीवर एकाद्या शेतकरी कुटुंबाची वर्षाची बेगमी अवलंबून असते, ती सरासरी बरोबर आहे कीं नाहीं, हा प्रश्न रुक्ष खचित नव्हे.

सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें नांव या विषयांत प्रथम घेतलें पाहिजे. शेतांतील एक तुकडा यदृच्छेनें निवडावा, त्यांतील पीक कापून तोलावें, आणि अशा अनेक तुकड्यांवरून साऱ्या प्रदेशाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधावा, ही पद्धति रूढ करण्याच्या कामीं त्यांनीं १९४० च्या दशकांत मोठे परिश्रम केले. तुकडा केवढा असावा याविषयीं त्यांचा व प्रा. महालनोबीस यांचा वाद प्रसिद्ध आहे. तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरचीं झाडें आंत ओढलीं जातात व उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसतें, असें सुखात्म्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे गणित निर्दोष असूनही उत्तर चुकूं शकतें. आणि तो दोष पुष्कळदां दुसऱ्याच्या डोळ्यांसच प्रथम दिसतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंतही पीककापणीच्या प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरीस महत्त्व आहे. तेव्हां ही गोष्ट केवळ पंडितांची राहिलेली नाहीं.

अशीं गणितें करण्यास आज ‘आर्’ नांवाची संगणकभाषा पुष्कळ लोक वापरतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनीं ती रचली, आणि १९९५ सालीं ती सर्वांस विनामूल्य खुली केली. तिच्यासाठीं जगभरच्या वापरणारांनीं स्वखुषीनें लिहिलेल्या पूरक संचांची संख्या आज वीस हजारांहून अधिक आहे. मुंबईच्या आय्. आय्. टी. मधील ‘फॉसी’ प्रकल्पानें तिच्या प्रसारास हातभार लावला; आणि तेथील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमानें संगणकाचे पाठ मराठीसह अनेक देशी भाषांत उपलब्ध करून दिले.

आतां अडचणींकडे वळूं. समजा, पांच तुकड्यांपैकीं चार तुकड्यांचें सोयाबीन अनुक्रमें ६, ५, ७ व ६ किलो भरलें, आणि पांचवें घर रिकामें आहे. आर् ला सरासरी विचारली तर ती ‘उपलब्ध नाहीं’ एवढेंच उत्तर देते. नवशिका यानें त्रासून जातो. परंतु हें उत्तर प्रामाणिक आहे. रिकामें घर वगळा असें सांगितल्यास सरासरी ६ किलो येते. तेथें शून्य मांडल्यास ४.८ येते. तुकडा दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असेल, तर हेक्टरीं १२ क्विंटल व ९.६ क्विंटल एवढा हा फरक पडतो! पांचव्या तुकड्याचा कागद गहाळ झाला असेल तर पहिलें उत्तर योग्य. तेथील पीक वाहून गेलें असेल तर दुसरें. यंत्रास हें कळणें शक्य नाहीं. तें शेतावर गेलेल्या माणसासच विचारलें पाहिजे.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. आंकड्यांच्या रकान्यांत एकानेंच ‘निरंक’ असा शब्द लिहिला, तर सारा रकाना अक्षरांचा समजला जातो. २०२० पूर्वींच्या आवृत्त्यांत असा रकाना आपोआप ‘वर्गां’चा होत असे, आणि त्या वर्गांचे थेट आंकडे करूं जातां ६, ५, ७ यांच्या जागीं २, १, ३ असे वर्गांचे अनुक्रमांक हातीं येत. यंत्र तक्रार करीत नसे, हेंच त्यांतील भय! आजही कोणी स्वतः वर्ग पाडून अशीच घाई केली तर हेंच घडतें. उपाय सोपा आहे: आधीं अक्षरें करावीं, मग आंकडे.

तिसरें उदाहरण आमच्याच गांवचें देतों. १७२४ सालीं साखरखेर्ड्यास निजाम-उल्-मुल्कानें मुबारिझखानाचा पाडाव केला आणि विजयाची खूण म्हणून गांवास फत्तेखेर्डा असें नांव दिलें; इतिहासाच्या पुस्तकांत शक्करखेडा असेंही रूप आढळतें. माणसास हीं तीनही नांवें एकाच गांवचीं आहेत हें कळतें; यंत्र मात्र तीन गांवें मोजतें. इतकेंच काय, नांवापुढें एक मोकळी जागा सुटली तरी चौथें गांव निर्माण होतें! म्हणून बेरीज करण्यापूर्वीं कोणतीं नांवें किती वेळां आलीं याची यादी काढून डोळ्यांखालून घालावी.

इतकें करूनही गाडें अडलें तर विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. मात्र विचारण्याचीही एक रीत आहे. वर्गांत “गुरुजी, गणित सुटत नाहीं” एवढेंच म्हणणाऱ्या मुलास शिक्षक काय सांगणार? जो पाटी पुढें करून “या पायरीपर्यंत आलों, येथें अडलों” असें म्हणतो, त्याची अडचण क्षणांत दूर होते. त्याचप्रमाणें हजार ओळींचा तक्ता दुसऱ्यापुढें न टाकतां, ज्यांत तीच चूक घडते असा पांच ओळींचा लहानसा नमुना करावा. आपण काय लिहिलें, काय अपेक्षिलें व प्रत्यक्ष काय आलें, हें क्रमानें सांगावें. यंत्राचा इशारा जशाचा तसा उतरून द्यावा; भाषेची आवृत्ति कोणती तेंही कळवावें. शेतकऱ्यांचीं नांवें व खातेक्रमांक मात्र त्या नमुन्यांतून काढून टाकावे. तीं आपलीं नव्हेत. नमुना लहान करतां करतांच चूक कोठें आहे तें अर्ध्याअधिक वेळां आपणांस उमगतें, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा.

उत्तर देणारावरही जबाबदारी आहे. “एवढेंही येत नाहीं?” या एका वाक्यानें विचारणारा कायमचा गप्प होतो, आणि गप्प बसलेल्या माणसाचा चुकीचा तक्ता तसाच पुढें जातो. तयार उत्तर देण्याबरोबर कारणही सांगावें, म्हणजे पुढच्या वेळीं तो दुसऱ्यास सांगूं शकेल. आणि ज्याचें काम झालें त्यानें कोणता उपाय लागू पडला तें अवश्य कळवावें. वाट विचारून पुढें गेलेला प्रवासी निरोप धाडील, तर मागून येणारांस तो उपयोगीं पडतो.

विहिरीवर दोर तुटला तर शेजारी आपला दोर देतो, पण पाणी ज्याचें त्यानेंच शेंदावयाचें असतें. संख्याशास्त्राच्या या नव्या विहिरीवरही धर्म तोच आहे. तो पाळला गेला तर कागदावरील सरासरी आणि शेतांतील पीक यांची गांठ पडेल, आणि ज्याच्या घामाचें तें पीक, त्यास न्याय मिळेल.